शेतातलं जहाज

आमच्या चौघींच्या सहली मुख्याध्यापिका ठरवते. ती खरंच मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण वेळापत्रक लावायची सवय गेलेली नाही. ठाण्याला आमच्या सोसायटीत सकाळी फिरायला जाणाऱ्या बायका पुष्कळ; त्यातल्या आम्ही चौघी चालण्याचा वेग जुळला म्हणून एकत्र आलो. मुख्याध्यापिका, एक दातांची डॉक्टर, एक रत्नागिरीची आणि मी. गाडी डॉक्टरची, डबे रत्नागिरीवालीचे, आखणी मुख्याध्यापिकेची. मी बँकेत आहे, म्हणून बुकिंग माझ्याकडे.

या फेब्रुवारीत तिनं अलिबाग काढलं. अलिबागला सगळेच जातात. किनारा, किल्ला, मासे आणि परत. तिला तसं नको होतं. "कोणी मुद्दाम बघायला जात नाही ते बघायचं," ती म्हणाली आणि ग्रुपवर सहलीला नाव दिलं, 'चमत्कारिक अलिबाग'. ठिकाणं मात्र सांगितली नाहीत. आधी सांगितलं की मुलं तयारी करून येतात आणि मजा जाते, असं तिचं मत.

मी तिकडचीच आहे हे तिघींना माहीत होतं. म्हणजे 'रायगड' एवढं मी सांगितलं होतं. रायगड जिल्हा मोठा आहे, त्यात बरंच काही झाकलं जातं.

सकाळी भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रो बोटीच्या पोटात लावली आणि वर जाऊन बसलो. चहा घेतला. बोट सुटल्यावर मुख्याध्यापिकेनं डॉक्टरला परवानगी दिली. "दाखव आता. शेवटचं ठिकाण. हे मुख्य."

डॉक्टरनं फोन पुढं केला. रील होती. हिरव्या शेताच्या मधोमध एक जहाज उभं. सिमेंटचं, पांढरं, खाली लाल पट्टा. गोल गोल खिडक्या. वर धुराडं, म्हणजे खरं तर पाण्याची टाकी. टोकाशी टोपी घातलेला एक म्हातारा उभा राहून दोन्ही हात हलवत होता आणि ओरडत होता, "या, या, जहाज सुटायच्या आत चढून घ्या!" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

"समुद्र कुठाय पण?" रत्नागिरीवालीनं विचारलं.

"तीच तर गंमत! समुद्र नाहीच. बाजूला कांदे लावलेत." डॉक्टर हसून हसून वाकली. "काकांचं डोकं बघा ना. जहाज सुटायच्या आत म्हणे!"

मुख्याध्यापिकाही हसली. मीही हसले. सगळ्यांच्या आधी हसले असं आता वाटतं, पण तसं नसेल.

तो म्हातारा माझा भाऊ.

तो माझ्यापेक्षा बराच मोठा. मी शाळेत असतानाच तो जहाजावर गेला, मालवाहू जहाजांवर, आणि आयुष्यभर स्वयंपाकी राहिला. खालच्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भात, डाळ, रस्सा. निवृत्त झाल्यावर त्यानं जुनं घर पाडलं. मी त्याला सांगितलं होतं, दोन खोल्या जास्त काढ, संडास-बाथरूम बाहेरून दे, मुंबईची माणसं भाड्यानं घेतात. नकाशासुद्धा काढून दिला होता. तो हो हो म्हणाला आणि त्यानं जहाज बांधलं. अलिबागच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत, आमच्या भाताच्या खाचरांमध्ये. गाव हसलं, मी भांडले, मग तिकडे जाणं गणपतीपुरतं राहिलं. ठाण्यात मी कधी याविषयी बोलले नाही. भाऊ शिपवर होता, एवढंच एकदा म्हणाले होते. पुढचं त्यांनी ठरवलं. शिपवर म्हणजे कॅप्टन. मी नाही म्हटलं नाही. कोणी दुरुस्त करायला सांगितलंही नव्हतं.

मी वॉशरूमला जाते म्हणून उठले आणि मागच्या कठड्याशी जाऊन वहिनीला फोन लावला.

"दादा घरी आहे?"

"हायेत की. वर चढलेत, डोलकाठीला रंग देतायत. का गं?"

"आम्ही येतोय आज. माझ्या मैत्रिणी आणि मी. जहाज बघायला."

"अगो बाय! मग जेवायलाच या. मी आत्ता मासे आणायला पाठवते."

"वहिनी, ऐका. त्यांना माहीत नाही. म्हणजे, आपलं घर आहे हे."

"म्हणजे?"

"म्हणजे ओळख दाखवू नका. बाकीचे लोक येतात ना, तसे आम्ही. बघू आणि जाऊ."

खाली पाणी जोरात मागं पळत होतं. वहिनी घरात आली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. माझ्या वेण्या तिनं घातल्यात.

"ह्यांना काय सांगू?" तिनं विचारलं.

"हेच."

"बरं," ती म्हणाली. मग, "चहा देऊ ना? येणाऱ्या सगळ्यांना देतो आम्ही."

"चहा द्या," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला काय वाटलं असेल तर हे, की काम झालं. बँकेत एखादी अडचण वर जायच्या आत मिटवली की वाटतं, तसं. लाज नंतर आली. मांडवा दिसायला लागलं तेव्हा.

मांडव्याहून निघालो ते पहिल्यांदा किहीमच्या एका वाडीत. तिथं दोन शेंड्यांचा माड आहे. माडाला फांदी फुटत नाही, हे आम्ही सगळ्या शाळेत शिकलेलो. इथं फुटली होती. अर्ध्यापर्यंत एक खोड आणि वर दोन माड, एकमेकांकडे पाठ करून. वाडीची मालकीण खुर्ची टाकून बसली होती.

"असं कशानं झालं हो आजी?" मुख्याध्यापिकेनं विचारलं.

"आमची सासू न् मी," म्हातारी म्हणाली, "एका घरात पटंना. माडानं बघितलं. म्हनला, वाटणी अशी करतात."

डॉक्टर खूश झाली. तिनं म्हातारीचा व्हिडिओ घेतला. मी घड्याळ बघत होते. मनात एकच गणित चालू होतं, कुठं किती वेळ घालवला म्हणजे शेवटचं ठिकाण राहून जाईल. मी म्हणाले किहीमच्या किनाऱ्यावर जरा बसू. बसलो. मी म्हणाले शहाळं घेऊ. घेतलं. मुख्याध्यापिका दर वेळी मान हलवायची आणि पुढच्या ठिकाणचा वेळ तेवढाच कापायची. शेवटचं ठिकाण तिनं कापलं नाही. "मुख्य आहे ते," ती म्हणाली.

मग एका देवळामागचा वाजणारा दगड. काळा, म्हशीएवढा. खड्यानं ठोकला की पितळी घागरीसारखा आवाज येतो. पुजाऱ्यानं ठोकून दाखवला, मग आम्ही ठोकला. डॉक्टरनं कान लावून दोन-तीन ठिकाणी टकटक केलं आणि गंभीरपणे म्हणाली, "आत किडलाय. रूट कॅनल करावं लागेल." पुजारीसुद्धा हसला. एरवी मला असा दिवस फार आवडला असता. मी विनोद ऐकत होते आणि हसायच्या जागी हसत होते.

"अलिबागला थांबून मासे खाऊ ना," मी म्हणाले. "नंतर कुठं जायचं ते बघू."

"डबे आहेत," रत्नागिरीवाली म्हणाली. "घावन केलेत मी. मासे काय ठाण्यात मिळत नाहीत?"

सुरूच्या झाडांखाली सतरंजी टाकून आम्ही डबे खाल्ले. माझ्या माहेराहून पाऊण तासावर मी डबा खात होते. घावन छान झाले होते.

गाडी मोठा रस्ता सोडून आत वळली तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?" माझ्या तोंडून 'उजवीकडे' निघत होतं. मी ओठ मिटले. फोननं सांगितलं, उजवीकडे.

जहाज लांबूनच दिसलं. त्याचं टोक पश्चिमेकडे आहे, समुद्र जिकडे असावा तिकडे. मधे खाचरं, मग रस्ता, मग एक टेकाड. वाऱ्यानं दोरीवरचे कपडे फडफडत होते. वहिनीची साडी, दादाच्या लुंग्या. तिघी गाडीतूनच ओरडायला लागल्या, "अय्या, खरंच जहाज!"

दादा शिडीच्या पायथ्याशी उभा होता. पांढरा शर्ट, टोपी. त्यानं नवीन शर्ट घातला होता. घड्या दिसत होत्या. तो एकेकीला हात देत होता.

"या मॅडम. पायरी उंच हाय. डोकं सांभाळा. या मॅडम." मग माझी पाळी आली. त्यानं तसाच हात पुढं केला. त्याच्या नखांत पांढरा रंग अडकला होता. "या मॅडम," तो म्हणाला. "डोकं सांभाळा."

माझ्या डोक्याला तिथं काही लागत नाही. हे त्याला माहीत आहे.

त्यानं सगळं दाखवलं. चाक दाखवलं, ते एका जुन्या टेम्पोचं स्टिअरिंग आहे. भंगारातून आणलेला जहाजाचा खरा नांगर दाखवला. टोकाशी एकेकीला उभं केलं, हात पसरायला लावले, फोटो काढले. त्याचे विनोद मला पाठ आहेत. कुठली लाट किती उंच होती, कुठल्या बंदरात माकडानं कढईतली पुरी पळवली. लाट दर वर्षी उंच होते. माकडाच्या हातात आधी एक पुरी असायची, आता अख्खी थाळी असते. मैत्रिणी हसत होत्या. त्या त्याच्या विनोदाला हसतायत की त्याला, हे मी प्रत्येक वेळी बघत होते. बहुतेक वेळा दोन्ही.

शेवटी गॅली. ते घरातलं सगळ्यात मोठं दालन. शेगडीभोवती लोखंडी कठडे आहेत, जहाज डुललं तरी भांडं घसरू नये म्हणून. ताटल्या खाचांमध्ये उभ्या. दादा भांडं कधी अर्ध्याच्या वर भरत नाही. मोठं पातेलं घेतो आणि अर्धं रिकामं ठेवतो, अजूनही, या न हलणाऱ्या घरात.

"काका, तुम्ही शिपवर काय होतात?" मुख्याध्यापिकेनं विचारलं.

"आचारी, मॅडम. ह्या कठड्याच्या आत गेली बघा सगळी नोकरी."

"अय्या, हिचा भाऊसुद्धा शिपवर होता!" डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कॅप्टन!"

दादानं माझ्याकडे पाहिलं. चहाचे कप घेऊन वहिनी दारात आली होती. तीही थांबली.

"व्हय का मॅडम? कॅप्टन?"

"हो," मी म्हणाले.

"कुठल्या शिपवर?"

"आता आठवत नाही. टँकर होता काहीतरी."

"टँकर. चांगलं असतंय टँकरवर." त्यानं मान डोलावली. "कॅप्टन म्हणजे वरचा माणूस. आमच्या जेवणाची तक्रार तेच करायचे. आता कॅप्टनच्या बहिणीला सलाम केलाच पाहिजे." त्यानं टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. तिघी हसल्या, टाळ्या वाजवल्या. मीही हसले. मला माझा आवाज ऐकू आला.

तो टोमणा होता की मी सांगितलेलं नाटक तो मन लावून करत होता, मला कळलं नाही.

वहिनीनं चहा दिला. कागदी कपांत. आलेल्या सगळ्यांना त्याच कपांत देतात. घरचे कप मागं फळीवर होते, मला तिथून त्यांचे कान दिसत होते. मी कागदी कपातला चहा प्यायले आणि कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. डबा कुठं असतो हे न बघता टाकला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

निघालो तेव्हा मला वाटलं, पार पडलं. तेवढ्यात वहिनी आतून सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, चार नारळ, हळदीकुंकू.

"बायका पहिल्यांदाच आल्यात दारात," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "ओटी भरते."

मला तेव्हा काही कळलं नाही. नंतर कळलं. माझी ओटी न भरता तिला मला पाठवायचं नव्हतं. आणि एकटीची भरता येत नव्हती. म्हणून तिनं चौघींची भरायला घेतली.

मैत्रिणी हरखल्या. डॉक्टरनं ओढणी पुढं केली. मुख्याध्यापिकेचं लग्न झालेलं नाही, ती म्हणाली, "मला चालेल का?"

"तुला का न्हाय? बाई न्हायस?" वहिनी म्हणाली आणि तिच्या ओढणीत ओंजळ रिकामी केली. मुख्याध्यापिकेनं दोन्ही हातांनी ओढणी छातीशी धरली.

मग रत्नागिरीवाली. मग मी. माझ्याकडे ओढणी नव्हती, मी कुडत्याचा घेर धरला. वहिनीनं कुंकू लावलं. अंगठा नेहमीसारखाच जरा जास्त दाबला. तांदूळ घातले, नारळ ठेवला. तिघी आधीच उंबरा ओलांडून बाहेर उभ्या होत्या. मी वळले, उंबऱ्याशी आले, ओटीतले चिमूटभर तांदूळ उचलले आणि मागं न बघता खांद्यावरून आत टाकले.

आमच्या घरात मुलगी सासरी निघाली की असं करते. भरली ओटी घेऊन जाताना चिमूटभर मागं टाकायचं, म्हणजे माहेर रिकामं होत नाही. लग्नाच्या दिवशी आईनं हात धरून शिकवलं होतं, त्यानंतर प्रत्येक गणपतीला हात आपोआप जातो. त्या दिवशीही गेला. मला सांगून गेला नाही. तांदूळ लादीवर पडल्याचा बारीक आवाज झाला तेव्हा मला समजलं, मी काय केलं ते.

डॉक्टर गाडीची चावी शोधत होती. मुख्याध्यापिका नारळ सांभाळत होती. रत्नागिरीवाली माझ्याकडे बघत होती.

"अगं," ती हळू म्हणाली, "हे आमच्याकडे फक्त माहेरवाशीण करते."

कोणी काही बोलायच्या आत दादा पुढं झाला. "न्हाय न्हाय, आमच्याकडं सगळ्याच करतात," तो हसत म्हणाला. "मॅडमना ठाऊक असंल. इकडचीच पद्धत हाय."

"मग आम्हाला करायला का नाही सांगितलं?" मुख्याध्यापिकेनं विचारलं. ती भांडत नव्हती. तिला खरंच राहून गेल्यासारखं वाटलं होतं. ती परत उंबऱ्याकडे यायला निघाली, चिमूट हातात घेऊन.

दादानं टोपी काढली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा नुसतं पाहिलं, भावासारखं. आता काय सांगू, असं. त्याला मी खोटं बोलायला लावलं होतं आणि ते कमी पडलं म्हणून तो ओशाळला होता.

"तू टाकू नकोस," मी मुख्याध्यापिकेला म्हणाले. "हे माझं माहेर आहे. हा माझा भाऊ. ही वहिनी."

डॉक्टरनं चावी शोधायचं सोडलं.

"कॅप्टन?" डॉक्टर म्हणाली.

"कॅप्टन कोणी नाही. हाच एक भाऊ आहे."

"म्हणजे सकाळपासून..." ती थांबली. मग तिचा चेहरा लाल झाला. "अगं, बोटीवर आम्ही काय काय बोललो! थांबवायचं ना आम्हाला!"

"तूपण हसलीस की गं," रत्नागिरीवाली म्हणाली.

तिनं ते ओरडून म्हटलं असतं तर मी काहीतरी म्हणाले असते. ती अगदी साधं म्हणाली.

मला वाटत होतं, खरं सांगितलं की मोकळं वाटेल. असं म्हणतात. मला मोकळं वाटलं नाही. मी पाच माणसांची पंचाईत केली होती आणि आता ती सहाव्याची, माझी, झाली म्हणून कोणाची कमी झाली नव्हती. डॉक्टर दादाची माफी मागायला लागली. दादा "त्यात काय मॅडम, हसायलाच बांधलंय" म्हणत राहिला. त्याला तिला मॅडम म्हणायचं की नुसतं ताई, हेच कळेना.

बोलली ती वहिनी. सूप अजून तिच्या हातात होतं.

"डबे खाऊन आलात ना?" तिनं मला विचारलं.

"हो."

"कुठं?"

"किनाऱ्यावर."

"माझ्या दारात यायचं, न् डबे खाऊन." तिचा आवाज वर गेला नाही. "मी सकाळी मासे आणायचे का न्हाय, म्हणून बसले. मग म्हटलं, बघायला येणाऱ्यांना जेवायला थांबवत न्हाय आपण, चहा देतो. आता भात दोघांपुरता हाय. तुझ्या मैत्रिणींनी ठाण्यात सांगितलं ना, नणंदेला चहाबिगर काय न्हाय दिलं, तर कोणाचं नाक जातंय? तुझं न्हाय जात."

"कोणी काही सांगणार नाही, वहिनी," रत्नागिरीवाली म्हणाली.

"तुम्ही न्हाय सांगणार. हिला आधी कळायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं, मी त्यांच्याकडून एक लहानसं नाटक मागितलंय. काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही, ओळख नाही दाखवायची, बस. प्रत्यक्षात मी त्या घराला पाहुणचार करायला बंदी केली होती. आणि त्यांनी पाळली होती. वहिनीनं एवढ्या वर्षांत दारातून कोणा नातेवाइकाला उपाशी पाठवलं नव्हतं, ते माझ्या फोनमुळे एकदा झालं.

मुख्याध्यापिकेनं घड्याळ पाहिलं नाही. ती वहिनीला म्हणाली, "मग पुढच्या वेळी आम्ही जेवायलाच येऊ. सांगून."

"या," वहिनी म्हणाली. तिनं सूप आत ठेवलं आणि केरसुणी घेऊन आली. उंबऱ्याच्या आतले तांदूळ तिनं झाडले नाहीत. त्यांच्या बाजूची माती तेवढी झाडली.

परतीच्या वाटेला लागलो. डॉक्टरनं गाणी लावली आणि थोड्या वेळानं बंद केली. मांडव्याला बोटीची वाट बघताना रत्नागिरीवाली माझ्याशेजारी बसली. "माझा दीर दारू पिऊन रस्त्यात पडतो," ती म्हणाली. "तुम्हाला कधी सांगितलं नाही मी." मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली. पण माझा भाऊ दारू पीत नाही. तो रस्त्यात पडत नाही. त्यानं घर बांधलं, तेवढंच. लपवण्यासारखं त्यात काय होतं, हे मी तिला सांगू शकले नाही, कारण मला सापडलं नाही.

या गोष्टीला आता दोन-अडीच महिने झाले. मैत्रिणींशी नीट चाललंय. सकाळी फिरायला जातो. कॅप्टनचं नाव कोणी काढत नाही, आणि काढत नाहीत हे मला रोज कळतं. दरम्यान मुलीचं लग्न ठरलं. साखरपुडा सोसायटीच्या हॉलमध्ये करायचं ठरवलं, म्हणजे सगळे येतील. परवा दादाला फोन केला. सकाळी ये, वहिनीला घेऊन ये, मामाचा मान आहे, असं सगळं सांगितलं.

"येतो की," तो म्हणाला. "तुझी वहिनीपण येईल. ती म्हणते लाडू घेऊन येऊ का?"

"आणा."

तो फोन ठेवेल असं मला वाटलं.

"बाय, एक विचारायचं होतं."

"विचार."

"तिथं तुझ्या मैत्रिणींना तर आता कळलंय. पण बाकीचे असतील. तुझ्या बँकेतले, व्याह्यांकडचे. त्यांना तू काय सांगितलंयस?"

"कशाविषयी?"

"माझ्याविषयी. म्हणजे मी काय होतो म्हणून सांगू? आधी सांगून ठेव. गेल्या वेळी ऐनवेळी मला सुचलं न्हाय, तुझी फजिती झाली. ह्या वेळी न्हाय होणार."

त्याच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. कुठली बस पकडू, किती वाजता पोचू, असं विचारावं तसं तो विचारत होता. त्याला खरंच माहिती हवी होती. मी जे सांगेन ते तो पाठ करून आला असता.

"थांब जरा," मी म्हणाले, "कुकर बंद करून येते."

कुकर लावलेलाच नव्हता. मी फोन ओट्यावर ठेवला आणि तिथंच उभी राहिले. पलीकडे त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. तो थांबला होता.